वास येतो, वास येत नाही

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मी सातवीला मराठी शिकवते. एकदा फळ्यावर वाक्य लिहिले, 'दादीला वास येतो', आणि मुलांना अर्थ विचारला. अर्धा वर्ग म्हणाला, दादीचे नाक चांगले आहे, तिला वास कळतो. उरलेला अर्धा वर्ग तोंडावर हात धरून हसत होता. दोन्ही अर्थ बरोबर आहेत. 'मला वास येतो' म्हणजे मला तो जाणवतो. 'मोज्यांना वास येतो' म्हणजे मोजे वास सोडतात. वास घेणारा आणि वास सोडणारा, दोघांना मराठी एकच विभक्ती आणि एकच क्रियापद देते. उर्दूत असे होत नाही. तिथे 'मुझे' आणि 'मोज़ों से' असे दोन वेगळे दरवाजे आहेत. त्या तासाला मी मुलांना एवढेच सांगितले आणि पुढे गेले. पण गेल्या वर्षभरात हे वाक्य माझ्या डोक्यात वेगळ्याच कारणाने घोळते आहे. म्हातारपण या वाक्याच्या दोन्ही अर्थांना हात घालते. शरीर सोडते तो वास बदलतो आणि शरीराला कळणारा वास कमी होत जातो. पहिला बदल सगळ्या घराला कळतो. दुसरा कुणालाच कळत नाही, ज्याचे नाक आहे त्यालाही नाही.

माझा विषय भाषा. विज्ञान मी बारावीपर्यंत शिकले तेवढेच. पण आमच्या अम्मीमुळे या विषयावर वाचत गेले आणि वाचता वाचता पहिला धक्का भाषेनेच दिला. आमची मुले दिवसातून पन्नास वेळा 'मस्त' म्हणतात. शब्द फारसी, उर्दूतून मराठीत आलेला. हाच शब्द इंग्रजीतही गेला आणि आज जगभरचे प्राणिशास्त्रज्ञ तो एका ठरावीक अवस्थेसाठी वापरतात. नर हत्ती माजावर येतो, त्याच्या डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून काळसर स्राव गालावर ओघळतो, त्या अवस्थेला ते 'मस्थ' म्हणतात. आपल्याकडे 'मदमस्त हत्ती' म्हणतात. मद संस्कृतातला, मस्त फारसीतला. दोन भाषांनी मिळून एकाच हत्तीला नाव दिले.

हा स्राव म्हणजे हत्तीचे पत्र असते. वाऱ्यावर सोडलेले, न लिहिलेले पत्र. बेट्स रासमुसेन या अमेरिकी संशोधक बाईंनी आशियाई हत्तींच्या अशा पत्रांवर वर्षानुवर्षे काम केले. भारतीय पशुवैद्य व्ही. कृष्णमूर्ती हेही त्यांच्या कामात सहभागी होते. 2002 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात एक फार सुंदर गोष्ट आहे. कोवळा, नुकता वयात येणारा हत्ती पहिल्यांदा माजावर येतो तेव्हा त्याच्या स्रावाला मधासारखा गोड वास असतो. संस्कृत कवींनी हत्तीच्या गंडस्थळाभोवती भुंगे घोंगावताना दाखवले, ती नुसती कल्पना नसावी. वय वाढते तसा हा वास बदलतो आणि पुरत्या वाढलेल्या नराचा स्राव उग्र, नाक दाबायला लावणारा होतो. त्यात फ्रंटॅलिन नावाचे द्रव्य असते. किशोर हत्तीत ते जेमतेम असते, पुढे वयाबरोबर वाढत जाते. गोड वासाचा अर्थ असा की मी अजून पोरगा आहे, मला मारू नका. उग्र वासाचा अर्थ, वाटेतून बाजूला व्हा. म्हणजे हत्तींच्या समाजात वय लपवता येत नाही, आणि लपवायचे कारणही नाही. मोठ्या वयाच्या नराचा वास हाच त्याचा मान असतो.

ही झाली पत्र पाठवणाऱ्याची बाजू. पत्र वाचणाऱ्याची बाजू पाहायला हत्तीपर्यंत जायला नको. आमच्या सोलापूर भागात बकरी ईदच्या आधी गल्लोगल्ली काळी उस्मानाबादी जनावरे बांधलेली असतात. त्यांच्यातला एखादा बोकड शेळीच्या मुताचा वास घेतो, मग मान वर करतो, वरचा ओठ उलटा दुमडतो आणि दात दाखवत काही क्षण तसाच उभा राहतो. पोरे म्हणतात, बोकड हसतोय. खरे तर तो तेव्हा वाचत असतो. नाकाच्या पोकळीत, टाळूच्या वर, एक वेगळे इंद्रिय असते. दोन बारीक नळ्या, आणि त्यांच्या आत संवेदना टिपणाऱ्या पेशी. ओठ दुमडून बोकड तो वास तिथपर्यंत ओढून घेतो आणि शेळी माजावर आहे की नाही हे त्याला कळते. लुडविग जेकबसन या डॅनिश शल्यवैद्याने 1813 साली पाळीव जनावरांच्या नाकातील या इंद्रियाचे वर्णन केले, म्हणून त्याला जेकबसनचे इंद्रिय म्हणतात. घोडा, रेडा, मांजर, सगळ्यांकडे ते असते. हत्ती सोंडेचे टोक मुतात बुडवून टाळूला लावतो. सापाची लवलवणारी जीभ हवेतले कण उचलून याच इंद्रियाकडे पोचवते.

एका जातीचे प्राणी एकमेकांना असा रासायनिक निरोप देतात, त्या द्रव्यांना 1959 साली 'फेरोमोन' हे नाव मिळाले. त्याच वर्षी जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी रेशीम किड्याच्या मादीचे असे पहिले द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. त्यासाठी जवळजवळ 5 लाख माद्या लागल्या होत्या. एवढ्याशा वासासाठी एवढा खटाटोप! पण नर पतंगाला त्याचे मोजके रेणूही पुरतात.

आता मूळ प्रश्न. हे वाचणारे इंद्रिय म्हातारे झाले की काय होते? डोळ्याला मोतीबिंदू होतो, कानाचे पडदे आणि नसा थकतात, तसे याचे काय?

उंदरावर यासंबंधी बरेच काम झाले आहे. उंदराचे अवघे जग वासावर उभे असते. कोण आपला, कोण परका, कोण बलवान, कोणती मादी तयार आहे, हे सगळे त्याला नाक आणि जेकबसनचे इंद्रिय सांगतात. प्रयोगशाळेतला उंदीर साधारण दोन वर्षांत म्हातारा होतो. या इंद्रियातल्या आणि नाकातल्या गंधपेशींची खासियत अशी की त्या चेतापेशी असूनही आयुष्यभर मरत आणि नव्याने जन्मत राहतात. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी गेल्या की गेल्या. गंधपेशींच्या खाली मात्र मूळ पेशींचा साठा असतो आणि त्यातून नव्या पेशी तयार होतात. वय वाढले की हा कारखाना मंदावतो. पण बंद पडतो का? जेसिका ब्रॅन आणि स्टुअर्ट फायरस्टाइन यांनी 2010 मध्ये 18 ते 24 महिन्यांच्या म्हाताऱ्या उंदरांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेकबसनच्या इंद्रियातल्या पेशींना इजा केली तर अगदी म्हाताऱ्या उंदरातही नव्या पेशी जोमाने तयार होतात, असे त्यांना दिसले. मूळ पेशीपासून पूर्ण वाढलेली चेतापेशी तयार होण्याचे प्रमाणही तरुण उंदराइतकेच होते. म्हणजे साठा संपलेला नसतो. काम मात्र रोजच्या रोज तेवढे निघत नाही.

हे वाचले तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसले होते. कारण तोपर्यंत आमच्या घरात एक निकाल लागून गेला होता.

अम्मी आता 74 वर्षांची आहे. अब्बा गेल्यापासून ती माझ्या धाकट्या भावाकडे राहते, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. अम्मीचे शिक्षण चौथीपर्यंत, पण तिच्या नाकाला डिग्री द्यायला हवी होती. शेंगदाणे खवट आहेत हे पोते उघडायच्या आधी सांगायची. दूध नासायच्या बेतात आहे, तांदूळ जुना आहे, मसाल्यात दगडफूल जास्त झाले, पावसात कपडे कुबट वाळलेत, सगळे तिला लांबून कळायचे. माझ्या लहानपणी ताप आलेल्या मुलाच्या डोक्याला नाक लावून ती सांगायची, आज उतरेल. ईदच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीतल्या चार घरांच्या बायका बिर्याणीचा मसाला तिच्याकडून हुंगून घ्यायच्या. घराचा कारभार तिने नाकावर चालवला.

गेल्या तीन-चार वर्षांत हळूहळू तक्रारी सुरू झाल्या. अम्मी मसाला फार टाकते. अम्मी अत्तर अंगावर ओतते, मुलांचे डोके दुखते. अम्मीने शिळी भाजी गरम करून वाढली. दूध ऊतू जाऊन करपले, घरभर धूर झाला, आणि ती शेजारच्या खोलीत तस्बीह घेऊन शांत बसलेली. मग आमच्या नातेवाइकांत एकेक निदान सुरू झाले. एक खाला म्हणाल्या, बेफिकीर झाली आहे. भावजयीला वाटले, मुद्दाम करते, सुनेच्या हातचे आवडत नाही म्हणून. एका मामूंनी तर थेट सांगून टाकले की डोके कमजोर होत चालले आहे. तिखटाच्या डब्यापासून तिच्या स्वभावापर्यंत सगळ्याची चर्चा झाली. नाकाचे नाव कुणी काढले नाही.

मग गेल्या हिवाळ्यात फजरनंतर अम्मीने चहाला आधण ठेवले. दाराच्या फटीतून आलेल्या वाऱ्याने शेगडीची बारीक आच विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. ती ओट्याजवळच पाटावर बसून लसूण सोलत होती. भावजय वरच्या मजल्यावरून जिन्याच्या मध्यापर्यंत आली आणि ओरडली. खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला. अल्लाहचा फजल, कुणी दिव्याचे बटण दाबले नाही. भावाने विचारले, "अम्मी, तुमकू बास नै आई?" अम्मी त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कायकी बास?"

त्या दिवशी भावाने ठरवले, अम्मीने स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचे नाही. त्याची भीती खरी होती, घरात दोन लहान मुले आहेत. पण त्या रात्री अम्मी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही जेमतेम जेवली. पन्नास वर्षे ज्या बाईची ओळख तिच्या चुलीवरून होती, तिला पलंगावर बसवून ताट हातात दिले की ती कोण उरते?

मला त्या 'कायकी बास' या दोन शब्दांनी झोप येईना. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे अत्यंत दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. हाही एक रासायनिक निरोपच की. कारखान्याने नाकासाठी पाठवलेला, 'पळा' असे सांगणारा. अम्मी त्या पत्राच्या हातभर अंतरावर बसली होती आणि पत्र तिच्यापर्यंत पोचले नव्हते. विसरणारा माणूस 'लक्षात नाही' म्हणतो. अम्मीने कसला वास असे विचारले होते.

मी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी आत दुर्बीण घालून पाहिले, सर्दी, मांस वाढणे असे काही नव्हते. मग डोळे मिटायला सांगून एकेक बाटली नाकाखाली धरली. कॉफी, लवंग, संत्रे, साबण. अम्मी प्रत्येकीला "हां, कुछ तो है" म्हणाली. एकीचेही नाव सांगता आले नाही. बाहेर आल्यावर रिक्षात ती एवढेच म्हणाली की मला वाटायचे आजकाल मसाल्यातच भेसळ असते, पूर्वीसारखा वास राहिला नाही.

हेच या इंद्रियाचे वैशिष्ट्य आहे. डोळा अधू झाला की माणूस अक्षर लांब धरतो, कान गेला की 'काय म्हणालास?' विचारतो. नाक जाते तेव्हा जग फिके झाल्यासारखे वाटते, आणि दोष जगाला दिला जातो. मसाला खराब, अत्तर नकली, भाजीला चव नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि मांसरसासारखी एक चव, एवढेच कळते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. तो गेला की बिर्याणी म्हणजे मऊ, खारट भात. म्हणून अम्मीचा हात मसाल्याच्या डब्यात पुन्हा पुन्हा जात होता.

माणसात जेकबसनचे इंद्रिय जवळपास नावालाच उरले आहे. गर्भात ते तयार होते, पण मोठ्या माणसात त्याला मेंदूशी जोडणारी नस राहत नाही. ते चालवणारे एक महत्त्वाचे जनुकही आपल्यात मोडलेले आहे. त्यामुळे आपला सगळा भार नाकावर. नाकाच्या छताशी, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत, आपल्या गंधपेशी असतात. सुमारे 400 प्रकारचे ग्राहक त्यांच्यावर असतात. या ग्राहकांची जनुके 1991 मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी शोधली आणि 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. वयाबरोबर गंधपेशींची ही जागा विरळ होते. सर्दी, ताप, धूळ, धूर यांचे घाव साचत जातात, काही ठिकाणी गंधपेशींऐवजी साधी श्वासमार्गाची त्वचाच येते. त्या पेशींचे धागे कवटीच्या हाडातल्या ज्या बारीक छिद्रांतून मेंदूकडे जातात, ती छिद्रेही अरुंद होऊ शकतात.

अमेरिकेत रिचर्ड डॉटी आणि सहकाऱ्यांनी 5 ते 99 वर्षे वयाच्या 1955 लोकांची वास ओळखण्याची चाचणी घेतली. निष्कर्ष 1984 मध्ये आले. 65 ते 80 वयोगटात निम्म्याहून अधिक लोकांची घ्राणशक्ती मोठ्या प्रमाणात खालावलेली होती. 80 च्या पुढे हे प्रमाण तीन चतुर्थांशांहून अधिक. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या दर दोन बुजुर्गांमागे एकाची गत अम्मीसारखी असू शकते. बी.एड. करताना आम्हाला शिकवले होते की ज्ञानेंद्रिये ही ज्ञानाची प्रवेशद्वारे आहेत, ती पाच आहेत. पण शाळेच्या आरोग्य तपासणीत डोळे बघतात, कान बघतात, दात बघतात. म्हाताऱ्यांसाठी गावोगाव मोतीबिंदूची शिबिरे होतात, कानाची यंत्रे वाटली जातात. नाकाचे शिबिर मी आजवर पाहिलेले नाही.

आता त्या वाक्याच्या दुसऱ्या अर्थाकडे येते, ज्यावर मुले हसत होती. म्हाताऱ्या माणसांना एक वेगळा वास येतो, हे खरे आहे. त्यांच्या खोलीला, गोधडीला, उशीला येतो. जपानी भाषेत त्यासाठी 'कारेइशू' असा खास शब्दच आहे. 2001 मध्ये जपानी संशोधकांनी 2-नोनेनल नावाचे द्रव्य चाळिशीनंतरच्या लोकांच्या अंगावर सापडल्याचे नोंदवले. पण तो वास घाणेरडा असतो का? फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेत योहान लुंडस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी 20 ते 30, 45 ते 55 आणि 75 ते 95 अशा तीन वयोगटांतल्या लोकांच्या काखेतला घाम कापसाच्या पट्ट्यांवर गोळा केला आणि तो कुणाचा हे न सांगता तरुणांना हुंगायला दिला. 2012 चे हे काम. हुंगणाऱ्यांना म्हाताऱ्यांचा वास वेगळा ओळखता आला. पण तो त्यांनी इतर दोन्ही गटांपेक्षा सौम्य आणि कमी त्रासदायक ठरवला. आपण नाक मुरडतो ते बहुधा वासाला नव्हे, म्हातारपणाला. माझ्या भाचीला, ती दहा वर्षांची आहे, दादीच्या गोधडीशिवाय झोप लागत नाही. तिने लुंडस्ट्रोमचे नाव ऐकलेले नाही.

या सगळ्यात मला सारखी सूरह यूसुफ आठवते. हजरत याकूब (अ.) म्हातारे झालेले, मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गेलेली. तिकडे मिसरहून काफिला निघतो, त्यात यूसुफ (अ.) यांचा कुर्ता असतो. इकडे दूरवर बसलेला बाप म्हणतो की मला यूसुफचा सुगंध येतो आहे, तुम्ही मला म्हातारचळ लागल्याचे म्हणणार नसाल तर. आणि भोवतालची माणसे तेच म्हणतात, की तुम्ही अजून जुन्याच भ्रमात आहात. आपण हा किस्सा मुलांना अल्लाहची कुदरत म्हणून सांगतो, आणि ती आहेच. मला या वर्षी त्यातली घरची माणसे दिसली. म्हाताऱ्या बापाला वास आला तरी त्यांना तो भ्रमच वाटला. आमच्या अम्मीला वास आला नाही, तर तिला बेफिकीर ठरवले. म्हाताऱ्या माणसाच्या इंद्रियाविषयी त्यालाच विचारायचे असते, हे दोन्हीकडे कुणाला सुचले नाही.

डॉक्टरांनी औषध दिले नाही. एक सराव दिला. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये मांडलेला हा सराव अगदी साधा आहे. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास काही सेकंद हुंगायचा, मनात त्याचे नाव घ्यायचे, आठवण काढायची. असे 12 आठवडे. घ्राणशक्ती गेलेल्या रुग्णांपैकी काहींना त्याने फरक पडला, सगळ्यांना नाही. कोविडनंतर ज्यांचा वास गेला त्यांच्यापैकी अनेकांनी हाच सराव केला. म्हाताऱ्या उंदराच्या नाकात मूळ पेशींचा साठा शिल्लक असतो, हे वाचले असल्यामुळे मला त्यात आशा वाटली. उंदराचा निष्कर्ष माणसाला तसाच्या तसा लावता येत नाही, हेही मी भावाला सांगितले. तो व्यवहारी माणूस आहे, त्याला खोटी आशा चालत नाही.

चार बाटल्यांसाठी बाजार करावा लागला नाही. गुलाबाचे अत्तर अब्बांच्या कपाटात होते. लवंग, लिंबू घरात. निलगिरीचे तेल सर्दीसाठी आणलेले. फजर आणि इशानंतर अम्मी चारी बाटल्या घेऊन बसते. भाची परीक्षा घेते, डोळे मिटायला लावते आणि चुकले की दादीला रागावते.

स्वयंपाकघराचा प्रश्न मात्र सरावाने सुटणारा नव्हता. मी भावाला म्हटले, अम्मीचे हात शाबूत आहेत, अंदाज शाबूत आहे, कोणत्या पदार्थात काय आणि किती हे सगळे पाठ आहे. गेले आहे ते नाक. मग नाकाची सोय करू. डोळे गेल्यावर आपण चष्मा देतो, वाचन बंद करत नाही. बरीच वादावादी झाली. भावजय मध्ये पडली आणि अनपेक्षितपणे अम्मीच्या बाजूने बोलली. मुद्दाम करत नव्हती हे कळल्यावर तिचा राग ओसरला होता. आता ओट्याजवळ खाली, भिंतीला, गॅस गळती सांगणारे यंत्र लावले आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून ते खालीच लावायचे असते. शिळ्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहितो. मसाल्याला चमचा ठरवून दिला आहे, अंदाजाने टाकायचे नाही. अम्मी एकटी असताना शेगडी पेटवायची नाही, ही भावाची अट तिने मान्य केली. रुसून का होईना, केली.

तुमच्या घरातही कुणी बुजुर्ग अचानक जास्त मीठ-मसाला टाकू लागले असतील, अत्तर ओतून घेत असतील, 'आजकाल कशालाच चव नाही' म्हणत असतील, तर भांडणाआधी डोळे मिटायला सांगून नाकाखाली लवंग धरून बघा. ओळखता आली नाही तर डॉक्टरांना दाखवा. काही वेळा वास जाणे ही मेंदूच्या आजाराची सुरुवातीची खूणही असते, म्हणून टाळू नका. आणि ओळखता येत नसेल तर त्यांना ते सांगा. त्यांना ते ठाऊक नसते.

चौथा महिना चालू आहे. लवंग अम्मीला आता बहुतेक दिवशी ओळखता येते, लिंबू कधी येते कधी नाही. गुलाब अजून आलेला नाही. त्या बाटलीपाशी ती इतरांपेक्षा जास्त वेळ थांबते. गेल्या जुम्म्याला तिने खिमा केला. कांदा परतताना भाचीला शेजारी स्टुलावर उभे केले होते. भाची नाक वर करून हुंगत होती आणि खबर देत होती, "दादी, अभी कच्चा है... अभी मीठी बास आ रई... दादी, बस, अब उतारो!"